भाड्याच्या सोप्यावरची झाडं

यंदा दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी मी गॅलरीतल्या मनीप्लांटला पाणी घालत होते. पानावर बोट टेकलं, तर बोट लाल झालं. मग बाकीची झाडं पाहिली. अबोली, क्रोटन, गवती चहाची लांब पाती, सगळ्यांवर तोच बारीक थर, कुणीतरी हलक्या हाताने चाळणी धरल्यासारखा. म्हणजे ट्रक सुरू झाले. कित्येक वर्षं खाणी बंद होत्या. तेव्हा डिचोलीची झाडं हिरवी झाली होती आणि माणसं रिकामी. आता शिरगावच्या बाजूने पुन्हा ओळीने ट्रक येणार, दुपारी टँकर रस्त्यावर पाणी मारून जाणार आणि तो चिखल वाळून संध्याकाळपर्यंत परत धूळ होणार. मी आतून ओलं फडकं आणलं आणि पानं पुसायला बसले.

पान पुसायची एक रीत आहे. खालून तळहात धरायचा आणि वरून फडकं फिरवायचं, देठाकडून टोकाकडे. ही रीत माझ्या दादाची. त्याने ती मला शिकवली असं म्हणता येणार नाही. तो करायचा आणि मी बघायचे. त्या हंगामात तो फारसं बोलत नव्हता.

आम्ही मूळ बांद्याकडचे. वडील लवकर गेले. दादाने, म्हणजे विश्रामने, शाळा सोडून ट्रकवर क्लीनरचं काम धरलं, पुढे तो ड्रायव्हर झाला आणि त्याच्या जिवावर मी डी.एड. झाले. मला डिचोलीतल्या एका मराठी प्राथमिक शाळेत नोकरी लागली. दादा तिथेच खाणीवरून नदीच्या धक्क्यापर्यंत माती ओढत होता. खाणीतल्या खनिजाला सगळे मातीच म्हणत. मग आम्ही दोघा भावंडांनी भाड्याने जागा घेतली. आई गावीच राहिली. म्हशी सोडून ती कुठे येणार नव्हती.

जागा म्हणजे वसंतबाबच्या घराची एक बाजू. दोन खोल्या, मागे चूल आणि न्हाणी, पुढे बाल्कांव. बाल्कांव म्हणजे दारापुढची छपराखालची मोकळी जागा, दोन्ही अंगांना सिमेंटचे सोपे, म्हणजे बसायचे कट्टे. गोव्यातलं निम्मं आयुष्य तिथेच जातं. सकाळी पाववाल्या पदेराच्या सायकलचा भोंगा वाजला की तिथूनच पाव घ्यायचे, दुपारी तिथेच तांदूळ निवडायचे, संध्याकाळी येणाऱ्याजाणाऱ्याला तिथूनच विचारायचं, कुठे निघालात. वसंतबाबचं बाजारात भांड्यांचं दुकान होतं. पन्नाशीचा, अंगाने बारीक, कायम घाईत असलेला माणूस. त्यांच्या बायकोला सगळा वाडा वयनी म्हणे, मीही म्हणू लागले. पहिलं वर्ष चांगलं गेलं. वयनी गणेशचवथीला पातोळ्या पाठवायच्या, मी आईने दिलेलं कुळथाचं पीठ द्यायचे.

दुसऱ्या वर्षी हंगाम संपता संपता, मे महिन्यात, दादाच्या ट्रकखाली एक माणूस आला.

लाटंबार्शाचा शेतकरी होता, सायकलवरून घरी चालला होता. रस्त्याच्या कडेला खडीचा ढीग होता. त्यावरून त्याची सायकल घसरली आणि तो सरळ मागच्या चाकात गेला. बघणारे होते, त्यांनी तसंच सांगितलं. पोलिसांनी दादाला सोडलं. ट्रकमालकाने काय ते मिटवलं आणि दादाला निक्षून सांगितलं की त्या घराकडे फिरकायचं नाही, लोक खवळलेले आहेत. दादा ऐकून घरी आला. दुसऱ्या दिवशी गाडीची चावी मालकाच्या मेजावर ठेवून तो परत आला, आणि बाल्कांवातल्या सोप्यावर बसला.

तिथे तो पुढचा सगळा पावसाळा बसून होता. रडला नाही. जेवायचा, झोपायचा, आंघोळ करायचा. मी शाळेतून आले की विचारायचे, “जेवलंस?” तो म्हणायचा, “होय.” एवढंच. त्याला काय वाटतंय ते मला कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही काही वाटत नव्हतं. जिभेवर कढत चहा सांडला की पुढे दोनतीन दिवस कशाचीच चव लागत नाही, तसं झालं होतं. वर्गात मी पाढे म्हणून घेत होते, मुलं हसली की हसत होते. आई गावाहून निरोप पाठवायची, त्याला घेऊन ये. तो नाही म्हणायचा. गावात सगळे विचारतील, इथे कुणी विचारत नाही, असं काहीतरी असावं.

दसऱ्याच्या सुमाराला शाळेतल्या एका बाईंनी मला अबोलीचं रोप दिलं. मी ते तेलाच्या डब्यात लावून सोप्याच्या टोकाला ठेवलं. आठवड्यात खाणी सुरू झाल्या. पहिल्याच दिवशी दादा ट्रकांच्या आवाजाने आत जाऊन बसला, संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर तो अबोलीपुढे उकिडवा बसला होता. हातात माझं भांडी पुसायचं फडकं. एकेक पान तळहातावर घेऊन तो पुसत होता, इतकं हळू की लांबून वाटावं नुसताच बसलाय.

मी पिशवी सोप्यावर ठेवली. तोच म्हणाला, “पानांक श्वास घेवक नको?”

मे महिन्यानंतरचं त्याचं ते पहिलं पुरं वाक्य.

मग झाडं वाढत गेली. ट्रकांच्या जुन्या बॅटऱ्यांच्या काळ्या पेट्या गॅरेजबाहेर पडलेल्या असत, त्या आणून, धुऊन, खाली भोकं पाडून त्याने कुंड्या केल्या. फुटकी बालदी, पिचका डबा, काही फेकू दिलं नाही. कुणाच्या कुंपणाचा क्रोटन छाटला की तो फांद्या मागून आणायचा. मोगरा आला, सदाफुली आली, कढीलिंबाचं रोप आलं. जनेलाच्या, खिडकीच्या, गजांवर मनीप्लांट चढला. मी गावाहून येताना आईच्या अंगणातली तुळस आणली, तीही एका बॅटरीच्या पेटीत लावली. सकाळी पाणी, दुपारी पुसणं, संध्याकाळी पुन्हा पुसणं. समोरून ट्रक जात राहायचे आणि तो त्यांच्याकडे पाठ करून पानं पुसत राहायचा. मी सोप्यावर बसून मुलांच्या पाट्या, वह्या तपासायचे. ओल्या मातीचा आणि डिझेलचा असा एकत्र वास यायचा. तो वास मला आजही कुठे आला तर मी क्षणभर थांबते. बरा वाटतो की वाईट, हे ठरवता येत नाही.

वसंतबाबनी पहिल्यांदा कौतुक केलं. मग एक दिवस ते अंगणात उभं राहून कुंड्यांकडे बघत राहिले. मला म्हणाले, “बाये, कुंडयेंत कितेंय लाय. जमनींत मात कितेंच लायनाका.” कुंडीत काहीही लाव, जमिनीत मात्र काही लावू नको.

मी म्हटलं, “नाही लावणार.”

“तशें न्हय,” ते म्हणाले, “झाड लायलें म्हणटकच मनीस म्हण्टा, म्हजें.” झाड लावलं की माणूस म्हणतो, माझं.

त्यांना कशाची भीती होती ते मला नंतर कळलं. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जागेत पिढ्यान्‌पिढ्या खोपट बांधून राहणाऱ्याला गोव्यात मुंडकार म्हणतात. गोवामुक्तीनंतर कायदे झाले, मुंडकारांना घरावर हक्क मिळू लागले. वसंतबाबच्या वडिलांची माडांची बाग होती. तिच्यात राहणाऱ्यांनी हक्क सांगितला तेव्हा मामलेदारापुढे म्हणे झाडांवरून साक्ष झाली, हा माड कुणी लावला, तो फणस कुणी लावला. ते सगळं वसंतबाबनी तरुणपणी पाहिलं होतं. आम्ही मुंडकार नव्हतो, दर महिन्याला भाडं देणारे बिऱ्हाडकरू होतो. त्यांनाही ते ठाऊक होतं. पण भीतीला कायदा समजावून सांगता येत नाही.

भाड्याच्या घरात झाड ठेवणाऱ्याला हे सगळं नंतर अंगवळणी पडतं. कुठलं झाड टेम्पोतून जाईल, कुठलं जाणार नाही, हे आधी बघायचं. आंब्याची कोय उगवली की कौतुक न करता उपटायची. घरमालक येताना दिसला की कुंडीखालचं ओघळलेलं पाणी पायाने पुसायचं. तेव्हा मी हे शिकत होते, आणि शिकतेय हे कळतही नव्हतं.

पुढे ते घरात येऊ लागले. आमच्या दाराची दुसरी चावी त्यांच्याकडे होती. मी शाळेत असताना वसंतबाब यायचे, कुलूप असलं तर उघडायचे, दादा मागच्या अंगाला असो की सोप्यावर, त्याला न विचारता आत जायचे. जनेलाखालची भिंत हात लावून बघायचे, ओल आली का. झाडं सरकवून ठेवायचे. एकदा मी आले तर सगळ्या कुंड्या एका कोपऱ्यात ढकललेल्या, मोगऱ्याची फांदी मोडलेली. दादा म्हणाला, “वसंतबाब इलेले.” त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. पाऊस येऊन गेला म्हणावं तसं म्हणाला.

मी दुसऱ्या दिवशी त्यांना अंगणात गाठलं. “वसंतबाब, येताना एक हाक मारा. आम्ही असलो की या.”

त्यांना खरोखर नवल वाटलं होतं. “म्हज्याच घरांत येवपाक हांव कोणाक हाक मारूं?”

“आम्ही राहतो ना इथे.”

“रावतात,” ते म्हणाले, “घर तुमचें न्हय.” मग सोप्यावरच्या तुळशीकडे बोट केलं. “ती भितर व्हर. तुळस दारांत लायली म्हणजे घर जालें. लोक कितें म्हणटले?”

शाळेतल्या बाई म्हणाल्या, घरमालकाला असं आत येता येत नाही, तू वकिलाला भेट. बरोबरच होतं त्यांचं. मला राग यायला हवा होता, मी वाटही बघितली. आला नाही. मी तुळस उचलून दाराच्या आत ठेवली, आणि कार्तिकात दारातच, उंबऱ्याच्या आतल्या अंगाला, तिचं लग्न लावलं. चुना लावलेल्या पेटीला ऊस बांधला, चिंच-आवळे ठेवले. दादाने अंतरपाट धरला, माझीच जुनी ओढणी. पलीकडे वसंतबाबच्या अंगणातल्या वृंदावनापुढे फटाके वाजत होते. आमचं लग्न मुकाट्याने लागलं.

त्या थंडीत भाषेचा वाद पेटला. राज्याची भाषा कोंकणी की मराठी. रस्त्यांवर झाडं आडवी पडली, बसगाड्या थांबल्या, शाळा बंद झाल्या. खाणीचे ट्रकही उभे राहिले. इतकी शांतता की नदीवरच्या बार्जचा भोंगा बाजारात ऐकू यायचा. वसंतबाब मराठी वर्तमानपत्र सोप्यावर बसून मोठ्याने वाचत आणि मग कोंकणीत त्यावर तावातावाने बोलत. मराठी आमची, मराठीतच आमची आरती, मराठीतच आमचे हिशेब, असं कोंकणीत सांगणारा माणूस मला तेव्हा विचित्र वाटला नाही, कारण डिचोलीत, पेडण्यात सगळे तसेच होते. आम्हीही घरी मालवणीच बोलत होतो. मी मात्र मराठी शाळेतली बाई. शाळेचं पुढे काय होणार ते कुणालाच माहीत नव्हतं.

ट्रक बंद होते, धूळ नव्हती, तरी दादा पानं पुसत होता. एका दुपारी वसंतबाबकडे बाजारातली चारपाच माणसं येऊन बसली होती. बोलता बोलता कुणीतरी आमच्या बाजूला बघून विचारलं, हा कोण, झाडापुढे बसलाय तो? वसंतबाबनी आवाज खाली केला नाही. “भायलीं तीं, सावंतवाडी वाटेचीं. मनशाक ट्रकान मारलो, आनी आतां झाडांचीं पानां पुसता.”

कुणी हसलं नाही. मी दाराशी उभी होते. दादाने हातातलं पान पूर्ण पुसलं, फडकं बालदीत बुडवलं, पिळलं, सोप्यावर वाळत घातलं. मग एकेक पेटी उचलून आत आणायला लागला. मीही हात लावला. अबोली, क्रोटन, मोगरा, सगळं आम्ही पुढच्या खोलीत आणून ठेवलं. चालायला वाट राहिली नाही. त्या दिवसापासून तो बाल्कांवात बसला नाही. आमच्या अंथरुणांना ओल्या मातीचा वास येऊ लागला आणि मी वह्या तपासताना सदाफुलीची पाकळी शाईवर पडायची.

शिमग्याला आई आजारी असल्याचा निरोप आला म्हणून आम्ही गावी गेलो. निघताना दादाने सगळ्या कुंड्यांना भरपूर पाणी घातलं, जनेल थोडं उघडं ठेवलं. आईला ताप होता, तो उतरायला दिवस गेले. गावात ढोल वाजत होते, सोंगांचं रोंबाट निघत होतं. दादा पडवीत बसून होता. लोकांनी विचारलं खरं, पण त्याने सांगितलं नाही आणि त्यांनीही मग सोडून दिलं.

परत आलो, कुलूप उघडलं. खोली मोकळी होती.

भिंतींना नवा चुना दिलेला. जमीन धुतलेली. जनेलाचे गज कोरडे, त्यावर मनीप्लांटच्या मुळांच्या तांबूस खुणा तेवढ्या राहिलेल्या. खोली पहिल्यांदा घेतली तेव्हा होती तशी स्वच्छ दिसत होती. आम्ही मागच्या बाजूला गेलो. शेणकीच्या ढिगावर सगळी झाडं पडली होती, मुळं वर, मार्चच्या उन्हात वाळून कोळसा झालेली. पेट्या आणि डबे एका बाजूला नीट उपडे रचले होते. तेवढी काळजी त्यांनी घेतली होती, वस्तू आमच्या होत्या.

वसंतबाब आले. ते भांडायच्या तयारीने आले असावेत. “भिंतीक ओल येताली, बाये. हांवें सांगिल्लें. म्हजें घर पडटलें.”

दादा ढिगाजवळ उभा होता. त्याने वाकून अबोलीचं एक देठ बघितलं, मोडून पाहिलं, आत हिरवं आहे का. नव्हतं. हात झटकले आणि म्हणाला, “बरां झालां.”

वसंतबाबना हे अपेक्षित नव्हतं. ते निघून गेले.

संध्याकाळी वयनी आल्या. पदराला हात पुसत दारातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. म्हणाल्या, “तुळस मात म्हाका उडोवंक धीर जालो ना, बाये.” फेकायचा धीर झाला नाही. आमची तुळस त्यांनी आपल्या वृंदावनात लावली होती. मी बघितलं. पेटीच्या आकाराचा चौकोनी मातीचा गड्डा तसाच दिसत होता, वर मंजिऱ्या आल्या होत्या. परत मागितली असती तर त्यांनी दिली असती. मी दादाकडे पाहिलं. तो म्हणाला, “आसां दे थंय.”

पुढचे काही दिवस तो पुन्हा सोप्यावर बसू लागला. मला वाटलं, संपलं, आता परत पावसाळ्यासारखं. शाळेत जाताना पाय जड होत नव्हते. घरी परत येतानाही होत नव्हते, काहीच वाटत नव्हतं, हेच भीतिदायक होतं. आणि मग एका शनिवारी मी भात वाढत असताना तो म्हणाला, “मी उद्या लाटंबार्शाक जातंय. येतंस काय?”

“कशाला?”

“झाडां होती तोपर्यंत हातांक काम होतां,” तो म्हणाला. “आता हात रिकामे आसत. रिकाम्या हातांनी बसाक जमणा नाय.”

ट्रकमालकाने जाऊ नको म्हटलं होतं. त्याला वर्ष होत आलं होतं. आम्ही सकाळच्या बसने निघालो. एप्रिल लागला होता. लाटंबार्शाला उतरलो तर सगळीकडे काजूच्या बोंडांचा आंबूसगोड वास, वाटेवर पिवळी-तांबडी बोंडं तुडवलेली, कुठेतरी भट्टीचा धूर. एका बाईला अपघातात गेलेल्या माणसाचं घर विचारलं, तिने दाखवलं. विचारलं नाही कोण तुम्ही.

घर लहान होतं, मातीचं, कौलारू. अंगणात एक बाई बोंडं पिळून बिया वेगळ्या करत बसली होती. चाळिशीची असेल, त्या शेतकऱ्याची बायको. तिचं नाव पार्वती, हे आम्हाला नंतर कळलं. दादा अंगणाच्या कडेला थांबला. चपला काढल्या. “मी विश्राम,” तो म्हणाला. “तो ट्रक माझो होतो.”

तिचे हात थांबले नाहीत. एक बोंड पिळलं, बी सुपात टाकली, दुसरं घेतलं. कितीतरी वेळ तेवढाच आवाज. मग वर न बघता म्हणाली, “रडपाक आयला जाल्यार परत वच. म्हाका काम आसा.”

“रडूक नाय इलंय.”

“मागीर कित्याक आयला?”

दादा चपलांशेजारी उभा राहिला. तेव्हा तिने प्रथमच मान वर केली. आमच्याकडे नव्हे, घराच्या छपराकडे पाहिलं. पावसाआधी कौलं काढून, झाडून, फुटलेली बदलून परत बसवावी लागतात. आमच्या कोकणात मे महिन्यात घरोघरी पुरुषमाणसं छपरावर चढलेली दिसतात. तिचं छप्पर गेल्या वर्षी परतलेलंच नव्हतं. सुकलेली पानं खाचांत कुजून काळी झाली होती, वळचणीला काही कौलं घसरली होती.

“कौलां परतूंक मनीस मेळना,” ती म्हणाली. दादाला म्हणाली असंही नाही. स्वतःशी म्हणाल्यासारखं.

दादाने विचारलं, “शिडी खंय आसा?”

तिने मागच्या गोठ्याकडे हनुवटीने दाखवलं.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो छपरावर होता. मी खालून फुटकी कौलं घेत होते, चांगली वर देत होते. ती बोंडं पिळत राहिली. दुपारी तिने पेज आणि सुक्या बांगड्याची किसमूर आणून अंगणात ठेवली, बोलावलं नाही. आम्ही जेवलो. काम त्या दिवशी संपलं नाही, म्हणून पुढच्या रविवारी तो परत गेला, त्याच्या पुढच्याही. मे महिन्यात छप्पर पुरं झालं.

आम्ही दुसरी जागा शोधली, पेडण्याच्या वाटेवर, मागे थोडं अंगण असलेली. मेच्या अखेरीस सामान हलवलं. त्याच दिवसांत गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला. बाजारात लोक एकमेकांच्या हातावर पेढे ठेवत होते आणि आम्ही टेम्पोत पलंग चढवत होतो. वसंतबाब दुकानातून पेढ्यांचा पुडा घेऊन आले. दादाला दिला, मला दिला. “राग धरूं नाकात,” म्हणाले. मी पेढा खाल्ला. राग नव्हताच. काहीच नव्हतं. त्यांच्या वृंदावनातली आमची तुळस हिरवीगार होती. मी तिला नमस्कार केला की नाही, ते आता आठवत नाही.

दादा पुन्हा ट्रकवर चढला नाही. तो कौलं परतायची कामं घेऊ लागला, मग गवंड्याच्या हाताखाली गेला, मग स्वतः गवंडी झाला. नव्या जागेत परत कुंड्या जमल्या, त्या पुढच्या जागेतही. घरमालक बदलत गेले. एकाला कुंड्या चालायच्या पण पाणी चालायचं नाही, दुसऱ्याच्या बायकोला निवडुंग अशुभ वाटायचा. आम्ही हसायला शिकलो. केव्हा शिकलो ते सांगता येणार नाही. कशाचीच चव न लागणं हळूहळू गेलं, जसं आलं तसंच, नकळत.

आणि दर वर्षी एप्रिल-मेमध्ये दादा लाटंबार्शाला जात राहिला. शिडी लावायची, छप्पर उतरवायचं, परत बसवायचं, पेज खायची, यायचं. त्या दोघांत याहून जास्त काही बोलणं झालं असेल असं मला वाटत नाही. क्षमा हा शब्द कुणी काढला नाही. तिने त्याला कधी नावाने हाक मारली नाही, घरात बोलावलं नाही, आणि येऊ नकोही म्हटलं नाही. मी मधूनमधून बरोबर जायचे. एका वर्षी मला मे महिन्यात जमलं नव्हतं, म्हणून पावसाळ्यात, श्रावणातल्या एका सुट्टीला, आम्ही दोघं सहज गेलो. अंगणात शेवाळ होतं, आम्ही छत्र्या मिटत होतो, एवढ्यात ती आतून तरातरा बाहेर आली, पदर खोचलेला, हातात भांडं.

“ह्या वर्सा वळचणीक उदक गळ्ळें,” ती दादावर कडाडली. “कौलां बरीं बसोवंक नात तुवें! म्हजें भात सगळें भिजलें. कितें पळयतालो रे वयर बसून? यो, भितर येवन पळय!”

दादा तिथेच थबकला. आत येऊन बघ, म्हणाली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग घाईघाईने चपला काढल्या, डोकं वाकवलं आणि त्या बुटक्या दारातून तिच्या मागोमाग घरात गेला. मी बाहेर पावसात उभी राहून ऐकत होते. आत ती त्याला बोलत होती, घरच्या माणसाला बोलावं तशी, मोठमोठ्याने, न थांबता, आणि तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, “होय गो. होय. चुकलां माझां. होय.”